तोडणारे ऊन, जोडणारा प्रकाश

मे महिना अर्धा सरला की महाड आणि पोलादपूरच्या बाजारात निळा रंग दिसू लागतो. आगोटीच्या खरेदीला आलेली माणसे मीठ, मिरची, सुकी मासळी घेतात आणि जाता जाता एक ताडपत्री काखोटीला मारतात. नाव ताडाचे असले तरी ही असते पॉलिथिलीनच्या विणलेल्या पट्ट्यांची. कौलांची शाकारणी करायला माणूस मिळेनासा झाला, तशी ती घराच्या छपरावर चढली. पडवीची झड तीच अडवते, पेंढ्याच्या उडवीवर तीच आणि मांडवावरही तीच.

पावसाला ती पुरून उरते. हंगामात तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख. पण ताडपत्रीचा बळी पाऊस घेत नाही, ऊन घेते. दिवाळीनंतर छपरावर विसरलेली स्वस्तातली ताडपत्री शिमग्याच्या सुमारास उचलून पाहा. घडी घालताना तिचा भुगा होतो. वाड्यांवर फिरताना असा निळा भुगा मी अंगणातही पाहिला आहे आणि ओढ्याच्या काठीही. पुढच्या पावसात तो सावित्रीत उतरतो आणि बाणकोटच्या खाडीकडे वाट धरतो.

असे का होते? प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, हजारो लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांबच लांब साखळी. या लांबीतच त्याचा चिवटपणा असतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांत ही साखळी तोडण्याइतकी ऊर्जा असते. तुटलेल्या टोकाला हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो आणि तोडमोड पुढे चालूच राहते. साखळ्या आखूड झाल्या की माल ठिसूळ होतो. अंगणातली रंगीत खुर्ची पांढुरकी पडते आणि एके दिवशी पाहुण्यासकट बसते, ती याच कारणाने.

गंमत अशी की, ज्या प्रकाशाने साखळी तुटते त्याच प्रकाशाने ती जोडताही येते. अलीकडे दात भरून घेतलेल्या कोणीही हे आपल्या तोंडात पाहिले आहे, फक्त तेव्हा आ वासलेला असल्याने लक्ष गेले नसेल. डॉक्टर दाताच्या खड्ड्यात मऊ लगदा भरतात, त्यावर निळा दिवा धरतात आणि काही सेकंदांत तो दगडासारखा घट्ट होतो. या लगद्यातले मुख्य रसायन अमेरिकेतल्या राफेल बोवेन यांनी शोधले. त्याचे पेटंट १९६२चे. निळा प्रकाश शोषून साखळ्या जुळवायला सुरुवात करून देणारा पदार्थ असतो कॅम्फरक्विनोन. तो बनतो कापरापासून, देवापुढच्या आरतीतल्याच. प्रकाश फार खोल शिरत नाही, म्हणून साधारण दोन मिलिमीटरचा एकेक थर भरत डॉक्टर दात पुरा करतात.

दुसरे उदाहरण महामार्गावरचे. मुंबई-गोवा रस्त्याचे रडगाणे या भागातल्या माणसाला सांगायला नको. पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी उडून काचेवर बसली आणि नाण्याएवढी खोक पडली, तर काच बदलण्याची गरज नसते. खोकेत पातळ राळ दाबून भरतात, वर अतिनील दिवा धरतात किंवा गाडी सरळ उन्हात लावतात, आणि राळ कडक होते. तडा लांब गेला असेल तर मात्र हा इलाज चालत नाही.

वस्तू घडवण्याची कलाही याच तत्त्वावर उभी आहे. चक हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला, तो द्रव राळेवर किरणांनी एकेक थर ‘लिहीत’ वस्तू उभी करण्याचा. आजच्या थ्रीडी छपाईची सुरुवात तिथली. २००५ साली लेंडलाइन, जियांग आणि लँगर यांनी प्रकाश टाकताच नवा आकार धरणारे आणि वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकताच मूळ आकारावर येणारे प्लास्टिक दाखवले. त्यातले कळीचे घटक दालचिनीतल्या सिनॅमिक आम्लाच्या कुळातले. २००९ साली बिस्वजित घोष आणि मारेक अर्बन यांनी खेकडा-कोळंबीच्या कवचातल्या कायटिनपासून मिळणारे कायटोसान पॉलियुरेथेनमध्ये गुंफले. या थरावर चरा पडला तर अतिनील प्रकाशात तो तासाभराच्या आत बुजतो, मात्र त्याच जागी दुसऱ्यांदा नाही. दोन वर्षांनी धातूचे अणू गुंफलेले असे पॉलिमर आले, की प्रकाशाने तापून क्षणभर वितळावे आणि पुन्हा घट्ट व्हावे.

हे वाचून एखाद्याला वाटेल, आता उन्हात ठेवली की ताडपत्री आपोआप सांधेल. तसे होणार नाही. पॉलिथिलीनची साखळी रासायनिकदृष्ट्या अगदी निर्विकार असते. प्रकाशाने जागे होऊन शेजाऱ्याचा हात धरतील असे घटक तिच्यात नसतात. उष्णता देऊन नवी ताडपत्री जोडता येते, पण उन्हाने साखळ्याच आखूड झालेल्या जुन्या मालाला धड सांधा बसत नाही. प्रकाशाने दुरुस्तीचे शास्त्र दात, काच आणि महागडे रंगलेप यांच्याकडे आधी गेले, कारण तिथे एक ग्रॅम मालाला किंमत येते.

छपराचा इलाज वेगळा आणि बराच जुना आहे: ऊन आत शिरूच द्यायचे नाही. पाण्याचे काळे पाइप काळे असतात ते उगीच नव्हे. त्यांत सुमारे अडीच टक्के काजळी घातलेली असते आणि ती अतिनील किरण गिळते. रंगीत मालात प्रकाशरोधक रसायने घालतात. त्याने भाव वाढतो. नेमकी इथे काटकसर होते, आणि दुकानात उभे राहून ती डोळ्यांना दिसत नाही. चांगली आणि वाईट ताडपत्री जूनमध्ये सारखीच निळी असते.

एका पावसापुरती स्वस्त ताडपत्री घेणाऱ्या कष्टकऱ्याला मी दोष देणार नाही. हातात तेवढेच पैसे असतात, त्याचा हिशेब चुकलेला नाही. पण २२ जुलै २०२१ आठवा. महाड पुराखाली होते, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तेच घडले. तळियेच्या कुटुंबांना पुढे दीर्घकाळ कंटेनरच्या घरांत काढावा लागला. आपल्याकडे ‘तात्पुरता’ निवारा किती ऊन खातो, याचा अंदाज त्यावरून यावा. आपत्तीत घाऊक खरेदी करणारा, मग ते सरकार असो, संस्था असो वा गावचे मुंबईकर मंडळ, एका पावसाच्या हिशेबाने खरेदी करू शकत नाही. एचडीपीईच्या विणलेल्या ताडपत्रीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७९०३. मालावर तो क्रमांक आहे का आणि प्रकाशरोधक घातल्याचे लेखी मिळते का, हे दोन प्रश्न खरेदीच्या कागदावर यायला हवेत. वजन आणि भाव यांच्याही आधी.