परक्यांचे म्हणून मोडीत: आयर्लंडचा औद्योगिक वारसा आणि एक सोयीस्कर गैरसमज

१/ आयर्लंड म्हटले की हिरवी कुरणे, गोल मनोरे, भग्न मठ आणि दुष्काळात देशोधडीला लागलेली माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. कालवे, लोहमार्ग, वीजगृहे या चित्रात नसतात. हे चित्र वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु त्याच्याच आडून त्या देशातील कितीतरी वास्तू मोडीत निघाल्या. (थ्रेड)

२/ या मोडतोडीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा: गिरण्या, कालवे, रेल्वे हे सारे ब्रिटिश राजवटीचे अवशेष, स्वतंत्र राष्ट्राने त्यांचे ओझे का वाहावे? वसाहतवादाच्या जखमा खऱ्या असल्यामुळे हा युक्तिवाद चटकन पटतो. पुराव्यापुढे मात्र तो टिकत नाही.

३/ आयर्लंडची पहिली रेल्वे, डब्लिन–किंग्सटाउन, १८३४ मध्ये धावली. तिचा कंत्राटदार विल्यम डार्गन हा आयरिश शेतकऱ्याचा मुलगा. ड्रॉहेडा येथे बॉइन नदीवर १८५५ मध्ये पूर्ण झालेल्या पुलाची कल्पना लाउथ काउंटीतील जॉन मॅकनील याची. विद्युत प्रवर्तन-वेटोळे १८३६ मध्ये तयार केले ते मेनूथच्या धर्मविद्यालयातील निकोलस कॅलन या कॅथलिक धर्मगुरूने.

४/ सत्ता परकी होती, भांडवलही बरेचसे परके होते. पण खडक फोडणारे, भराव घालणारे, कमानी रचणारे मजूर आयरिश होते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. त्यांचे बांधकाम हीच त्यांची नोंद. ते ‘ब्रिटिश’ म्हणून पाडणे म्हणजे या मजुरांना इतिहासातून दुसऱ्यांदा वगळणे होय.

५/ आता व्यवहाराची बाजू. डब्लिनची हारकोर्ट स्ट्रीट रेल्वे १८५४ मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९५८ रोजी बंद करण्यात आली. २००४ मध्ये त्याच मार्गाच्या मोठ्या भागावरून ‘लुआस’ ही नवी ट्राम धावू लागली. मिलटाउनचा नऊ कमानींचा जुना पूल उभा होता, म्हणून तो पुन्हा कामी आला.

६/ डंड्रमला मात्र जुना रेल्वेपूल उरला नव्हता. तेथे ट्रामसाठी नवा केबल-पूल उभारावा लागला. त्याला नाव दिले गेले विल्यम डार्गनचे! बांधकाम राखायचे नाही आणि बांधणाऱ्याचे नाव मात्र मिरवायचे, ही स्मरणाची कोणती रीत?

७/ रॉयल कालव्याची कथाही बोलकी आहे. १९६१ मध्ये तो नौकानयनाला बंद झाला. डब्लिनमध्ये त्याच्या जागी रस्ता करण्याचाही विचार झाला. स्वयंसेवकांनी १९७४ पासून संघटितपणे तो उपसला, त्याचे जलपाश दुरुस्त केले. २०१० मध्ये डब्लिनपासून शॅनन नदीपर्यंत पुन्हा नावा जाऊ लागल्या.

८/ ‘परके’ या शब्दाची खरी कसोटी आर्डनाक्रुशा येथे लागते. नवस्वतंत्र राज्याने १९२५ ते १९२९ या काळात शॅनन नदीवर हे जलविद्युत केंद्र उभारले. कल्पना आयरिश अभियंता थॉमस मॅक्लॉफ्लिन यांची, बांधकाम जर्मनीच्या सीमेन्स कंपनीचे. ते अभिमानाने राष्ट्रीय ठरते. मग आयरिश मजुरांच्या हातच्या कमानी परक्या कशा?

९/ जतन म्हणजे गौरवगान नव्हे. आर्डनाक्रुशाच्या अकुशल मजुरांना आठवड्याला ३२ शिलिंग मिळत; त्यावरून संप झाला. काही कामगार गोठ्यांत राहत. धरणामुळे शॅननमधील सामन माशांचीही मोठी हानी झाली. वास्तू उभी असली, तर हे प्रश्न तिच्यासमोर उभे राहून विचारता येतात. सपाट केलेल्या जागेला कोण जाब विचारणार?

१०/ कायद्याचे निमित्तही पुढे करता येत नाही. आयर्लंडच्या २००० सालच्या नियोजन कायद्यात वास्तूला संरक्षण देण्याच्या निकषांत स्थापत्य आणि इतिहास यांच्या जोडीने ‘तांत्रिक’ महत्त्वाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तरतूद आहे, ती वापरण्याची इच्छा हवी.

११/ म्हणून मागणी नेमकी असावी. यंत्रे भंगारात विकून गिरणीची केवळ दर्शनी भिंत राखणे याला जतन म्हणू नये. पाणचक्की, तिच्याकडे पाणी आणणारा पाट, आतील दंतचक्रे आणि कामगारांच्या हजेरीवह्या हे सारे मिळून एक ऐतिहासिक साधन असते. मठाच्या एका दगडालाही हात न लावू देणाऱ्या राष्ट्राने तेवढीच जागरूकता गिरणीच्या चाकाबाबतही दाखवली पाहिजे.