आधी नाव सांगा

लग्नात, तेराव्याला, आषाढीला छोट्या पंढरपुरातल्या गर्दीत एखादं वयस्कर माणूस दिसलं की आपण समोर जाऊन उभे राहतो आणि विचारतो, "काका, ओळखलंत का?" वाळूज-बजाजनगरकरांनो, हा प्रश्न विचारणं सोडा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. तेव्हा गावाकडून आलेली विशीतली पोरं आज साठीच्या पुढे आहेत. ते हल्ली रस्त्यात बोलत नाहीत, मोठे झाले, असं कुणी म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. साठीत डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं आणि डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. चेहरा ओळखायचा तो गालाच्या, भुवईच्या, ओठांच्या बारीक छायेवरून, आणि नेमकी तीच पुसट होते. त्यामुळे उजेडाकडे पाठ करून दारात उभं राहू नका. आत या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, आणि आधी नाव सांगा: "मी रांजणगावची सुनीता, शोभाताईंची धाकटी." मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका.

पण सगळा दोष डोळ्यांचा नाही. नवे चेहरे लक्षात ठेवायची मेंदूची ताकद तिशीनंतर थोड्याच वर्षांत शिगेला पोहोचते आणि मग हळूहळू उतरते. उतारवयात अनोळखी चेहराही पाहिल्यासारखा वाटू लागतो. २०१२ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना असंही आढळलं, की तरुणांना जे चेहरे बेभरवशाचे वाटतात, ते वयस्कर माणसांना तितके वाटत नाहीत. भामट्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. "मावशी, ओळखलं नाही का? मी तुमच्या मुलाच्या कंपनीतला," एवढं म्हटलं की मावशी संकोचाने हो म्हणतात आणि बांगड्या काढून देतात. आपणच प्रत्येक भेटीत त्यांना हो म्हणायची सवय लावली आहे. घरातल्या आजी-आजोबांना सांगा, "ओळखलं नाही, नाव सांगा" म्हणण्यात कसलाही अपमान नाही. आणि पैशांची, दागिन्यांची गोष्ट निघाली तर आधी मुलाला फोन.

सुनांनो, मुलांनो, आणखी एक. हसरा चेहरा म्हातारपणीही चांगला ओळखू येतो, पण राग, भीती, दुःख ओळखणं अवघड जातं. तुमच्या कपाळावरची आठी सासूबाईंना दिसलीच नसेल. दुखलं असेल तर तोंडाने सांगा.

एखादा चेहरा चुकला म्हणून लगेच विसरभोळेपणाच्या आजाराची धास्ती घेऊ नका. रोजच्या घरच्या माणसांनाच ओळखण्यात चूक होऊ लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. समोरच्याच्या चेहऱ्याच्या मधोमध धुरकट डाग दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे न्या. आणि हे सगळं एकाएकी झालं, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. अर्धांगाच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, म्हणून गाडी काढा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठा.