चेहरा कुणाचा, भूमिका कुणाची

१९३७ साली हॉलिवूडने ‘द गुड अर्थ’ काढला. कथा चिनी शेतकरी कुटुंबाची. पण नवराबायको झाले पॉल म्यूनी आणि लुइझ रायनर, दोघेही गोरे. चिनी वंशाची, जगभर नावाजलेली अभिनेत्री ॲना मे वाँग लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली. तिला बायकोची ती भूमिका मनापासून हवी होती. नायक गोरा ठरला आणि तिची वाट बंद झाली, कारण पडद्यावर मिश्रवंशीय जोडी तेव्हाच्या निर्बंधांना चालत नव्हती. रायनरला त्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मिशेल यो या आशियाई वंशाच्या अभिनेत्रीच्या हाती तेच ऑस्कर यायला २०२३ उजाडलं.

हा अंक अशा हुकलेल्या भूमिकांविषयी आहे. पुरस्कारांच्या याद्यांपेक्षा पात्रनिवड कोण करतं आणि पैसा कुणाच्या नावावर लागतो, हे आम्ही पाहिलं आहे. प्रश्न दूरचा नाही. २०१४ च्या ‘मेरी कोम’मध्ये मणिपुरी बॉक्सर साकारली प्रियांका चोप्रा यांनी. त्यांची मेहनत मान्य. तरी ती संधी ईशान्येतल्या अभिनेत्रीला मिळायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनीही लिहावं: तिथल्या सिनेमांत त्यांना आपल्यासारखं कोण दिसतं?