भात सोडला, म्हणजे नेमके काय सोडले?

मधुमेहाचे निदान झाले की महाड-पोलादपूरकडच्या घरांत पहिला शब्द ऐकू येतो तो ‘सोडा’. साखर सोडा, भात सोडा, रात्रीचे जेवण सोडा. सोडण्याचे आपल्याकडे पुण्यच मोठे! पण सोडलेल्याच्या जागी काय आले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

‘‘डॉक्टर, सहा महिने भाताला शिवलो नाही,’’ असे आजोबा अभिमानाने सांगतात. रक्तातील साखर मात्र होती तिथेच. विचारपूस केल्यावर उलगडा होतो. दोन्ही वेळा तांदळाच्या दोन-दोन भाकऱ्या चालू असतात. दळून थापला म्हणून तांदूळ काही बदलत नाही. नाचणी चुना आणि तंतूंमुळे गुणी धान्य खरे, तथापि तिच्या शंभर ग्रॅम पिठातही सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. दात नाहीत म्हणून तिची पातळ आंबील प्यायली, तर साखर भाकरीपेक्षा लवकर चढते. भात, तांदळाची भाकरी आणि नाचणी यांपैकी एका जेवणात एकच, तेही बेताने घ्यावे. निम्मे ताट भाज्यांचे असावे. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी आपल्या परिसरातच मिळतात. भातकापणीनंतर त्याच शेतात वाल होतो. त्याचे मऊ शिजवलेले बिरडे कवळीवाल्यांनाही चावते. कुळथाचे पिठले तर बारमाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र कडधान्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

भात सोडण्यात फसगत होते. रात्रीचे जेवण सोडण्यात जिवाला धोका असतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, तुम्ही जेवा अथवा जेवू नका, साखर खाली आणतातच. (केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी.) मुले मुंबईस, घरात आजी एकटी; ‘एकटीसाठी कुठे चूल पेटवायची?’ म्हणून चहा-बटरावर रात्र काढली जाते, गोळी मात्र नेमाने घेतली जाते. मुंबईहून येणाऱ्या फोनवरही ‘गोळी घेतलीस का?’ एवढेच विचारतात. ‘जेवलीस का?’ हे आधी विचारावे. एकादशी वा श्रावणी सोमवार धरणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी औषध कसे घ्यावे, हे अगोदरच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे पथ्य असेही समजू नये.

पहाटे दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, अकारण चिडचिड दिसली, तर वयाला किंवा बाधेला दोष देण्यापूर्वी साखर तपासावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास, किंवा यंत्र नसल्यास न तपासताही, शुद्धीवरील रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्यावी आणि नंतर थोडे जेवू घालावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून १०८ ला दूरध्वनी करावा. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पावसाळी रात्री रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो, म्हणून लक्षणे दिसताच हालचाल करावी. शिवाय या गोळ्यांचा अंमल कित्येक तास टिकतो. रुग्ण उठून बसला, बोलू लागला, तरी साखर पुन्हा घसरू शकते. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि जाताना चालू औषधांची सारी पाकिटे सोबत न्यावीत.