सागरतीरावरचा मुक्काम आणि आमचे विद्यार्थी

डिसेंबर उजाडला की जिंतूर, गंगाखेड, पूर्णा परिसरातील वस्त्यांत शिदोऱ्या बांधल्या जातात आणि मुंबईच्या गाड्यांना गर्दी उसळते. गोदाकाठच्या आमच्या कित्येक माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो दादरलाच. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या चैत्यभूमीला वंदन करण्यासाठी लाखो माणसे येतात आणि हाकेच्या अंतरावरील शिवाजी पार्कात मंडपाखाली मुक्काम करतात. अंथरायला सतरंजी, पाण्याला सार्वजनिक नळ, फिरती शौचालये, एखादा वैद्यकीय कक्ष. एवढीच तिथली व्यवस्था.

या मुक्कामाकडे काहीजण केवळ गर्दी आणि गैरसोय म्हणून पाहतात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तिथे वेगळे काही दिसते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायले म्हणून ज्यांना मार खावा लागला, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या नळावर निःसंकोच कळशी भरतात. हा नळ म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत. तो नागरिकांचा हक्क आहे. म्हणूनच तेथील उणिवांविषयी बोलणे हेही आमचे कर्तव्य ठरते. २०१७ साली ओखी चक्रीवादळाच्या पावसाने मैदानात चिखल झाला आणि लोकांना महापालिकेच्या शाळांत आसरा घ्यावा लागला. अशा निवाऱ्याची तयारी दरवर्षी आधीपासूनच असावी. स्त्रियांसाठी आडोशाची पुरेशी स्नानगृहे असावीत.

परंतु प्रश्न केवळ प्रशासनाला विचारून भागणार नाही. शिकून नोकरीला लागलेला आमचाच वर्ग आता सकाळी मोटारीने येतो, अभिवादन करतो आणि दुपारी परततो. मंडपात रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्या आईशी त्याचे बोलणे होत नाही. शिक्षणाने माणूस आपल्याच माणसांपासून दुरावत असेल, तर त्या शिक्षणात काहीतरी उणे राहिले आहे.

म्हणून आमची सूचना अशी : आपल्या निवासी शाळेने दरवर्षी नववीच्या मुलामुलींना शिक्षकांसह या मुक्कामास न्यावे. त्यांनी लॉजमध्ये उतरू नये, मंडपातच राहावे. पंगतीला बसणे, आपले ताट आपण धुणे, रांग पाळणे हे वसतिगृहाने त्यांना शिकवलेच आहे. तिथे त्यांनी मैदान स्वच्छ ठेवावे, चुकलेल्यांना वाट दाखवावी, वृद्धांना पाणी आणून द्यावे. पुस्तकांच्या दालनांत ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांना ग्रंथांची नावे वाचून दाखवावीत. स्वतः वाचू न शकणारी माणसे नातवंडांसाठी पदरचे पैसे मोडून पुस्तके घेतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. करुणा आणि समता हे धडे फळ्यावर लिहिता येतात; ते अंगी मुरतात मात्र अशा सहवासात.

सहलीसाठी किल्ले आहेत, लेणी आहेत. तीही अवश्य पाहावीत. पण ज्या लोकांच्या घामावर आपली शाळा उभी राहिली, त्यांच्या शेजारी दोन रात्री जमिनीवर निजणे हा आमच्या मते अभ्यासक्रमाचाच भाग असला पाहिजे. येत्या ६ डिसेंबरपासूनच त्याचा आरंभ व्हावा.