चित्र वाकडे, पण अर्थ सरळ

गेल्या पावसाळ्यात एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. जुलाबांवर तिने जलसंजीवनी दिली होती; पण १ लिटर पाण्यासाठीचे अख्खे पाकीट एका पेल्यात कालवून! असे दाट पाणी पोटात गेले की रक्तातील क्षार धोकादायक वाढू शकतात. मूल गुंगीत होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवावे लागले. सुदैवाने ते बरे झाले. पाकिटावर सूचना होती, पण त्या माउलीला वाचता येत नव्हते. आणि पाकीट देताना "पाण्यातून पाजा" एवढेच सांगणारा मीच होतो.

त्याच आठवड्यात जलरंगांची पेटी आणली. म्हटले, दवाखान्यात लावायला चित्रे आपणच काढू. तीस वर्षे इंजेक्शने देणारा माझा हात कोऱ्या कागदासमोर मात्र कापू लागला. "तुझा हात चित्राचा नाही," हे शाळेतल्या गुरुजींचे वाक्य आठवले. चार कागद फाडले.

वाचकहो, असे कापणे हा आजार नव्हे. धास्तीने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि एरवी न जाणवणारा हाताचा सूक्ष्म कंप दिसू लागतो. त्यातून जलरंग खोडता येत नाही. ओला रंग घासत बसलो तर तो गढूळ होतो. वाळू दिला तर वर दुसरा थर देता येतो. घाबरलेला माणूस नेमका घासत बसतो.

पाचवे चित्र पाहून कंपाउंडर म्हणाला, "साहेब, ही बादली की पेला?" राग आला, पण प्रश्न रास्त होता. मग सर्वांच्या ओळखीची १ लिटरची बाटली काढली, शेजारी एक पाकीट. दुसऱ्या कागदावर घरगुती कृती: १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. केर काढणाऱ्या निरक्षर मावशींना दाखवले. त्या चटकन म्हणाल्या, "एका पुडीला एक बाटली पाणी." बाटली वाकडीच आहे, पण भिंतीवर आहे.

माझे मत असे की, शंका दोन प्रकारच्या असतात. 'हे समोरच्याला कळेल का?' ही शंका कामाची. तिचे उत्तर लोकांना विचारून मिळते. 'लोक मला हसतील का?' ही शंका बिनकामाची. तिला उत्तरच नाही. पहिली जवळ ठेवा, दुसरीला बाहेर बसवा.

रोज वीस मिनिटे बसा. हात कापला तर श्वास सावकाश सोडा. बिघडलेला कागद फाडू नका, पाठीमागे सराव करा. मात्र दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, किंवा हात स्वस्थ बसल्यावरही कापत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.