बंदुकीचा सौदा ऑनलाइन, मग दुकानदाराचे काय?



माहूज, अदलिया, गुदैबिया भागात राहणाऱ्या आपल्या लोकांचा बंदुकीशी तसा संबंध येत नाही. पण आपल्यात कोकणातली घरे पुष्कळ. रानडुकरांपासून शेती राखायला आजोबांनी घेतलेली परवान्याची बंदूक गावी काही घरांत अजून आहे. म्हणून हा विषय.

आधी अमेरिकेचे पाहू. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या रायफलने. १९६८ च्या कायद्याने अशा विक्रीला चाप बसला. आज तेथे परराज्यातल्या विक्रेत्याकडून बंदूक ऑनलाइन घेतली, तरी ती साधारणपणे घरपोच येत नाही. ती गावातल्या परवानाधारक दुकानात येते आणि गिऱ्हाईकाची तपासणी झाल्यावरच हाती पडते. विक्रीचा नफा दूरच्या कंपनीला, स्थानिक दुकानदाराला फक्त हस्तांतरणाची फी. जबाबदारी मात्र त्याचीच!

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. परवान्याची नोंद आता राष्ट्रीय संगणक यादीत असते व प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. पण बंदूक आणि काडतुसे घ्यायला परवाना घेऊन दुकानातच जावे लागते. परवाना नसलेल्याला विकणे हा गुन्हा आहे. परवान्याची गरज नसलेली साधी छर्ऱ्याची एअरगन तेवढी इंटरनेटवर मिळते, आणि ते गिऱ्हाईक दुकानातून गेले.

तरी आपल्या दुकानांना खरा फटका इंटरनेटचा नाही, कायद्याचा आहे. व्यापाऱ्यांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. जादा शस्त्र वर्षभरात जमा करायचे होते. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. म्हणजे विक्री आटली. दुरुस्ती, काडतुसे आणि शस्त्र सांभाळून ठेवणे एवढ्यावर धंदा आला.

असे दुकान बंद पडले तर आपल्याला काय? परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. मुलगा बहरीनमध्ये, आई गावात एकटी. अशा वेळी जवळचे माहितीचे दुकान मोठा आधार असते.

तेव्हा सुट्टीवर जाल तेव्हा एवढे करा. परवान्याची मुदत पाहा, आता ती पाच वर्षांची असते. २०१६ च्या नियमांनुसार वडील सत्तरीचे झाले किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्यांच्याकडे असली, तर ती हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवतात. कोणाला नको असेल तर रीतसर विकून टाका. दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर पंचेचाळीस दिवस आधी जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते. व्हॉट्सअपवर फोटो टाकून सौदा करायच्या भानगडीत मात्र पडू नका.